छायाचित्रात न मावणारे राजकारण

श्रोतेहो, नमस्कार.

टेंभू उपसा सिंचन योजनेचे आवर्तन सुटले, म्हणजे कालव्यात पाणी सोडले, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काय येते, हे सातारा-सांगलीच्या वाचकाला सांगायला नको. कालव्याच्या काठावर नारळ फोडणारे नेते, भोवती कार्यकर्त्यांची दाटी, आणि शेजारच्या रकान्यात विरोधी गटाचा दावा की हे पाणी आमच्याच पाठपुराव्यामुळे आले. दोन दिवस श्रेयवाद रंगतो आणि विषय संपतो. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात चढवायला जी वीज लागते, तिच्या बिलाचा 81 टक्के भार शासनाने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा हे धोरण प्रत्यक्षात कसे चालते, पाणीपट्टीची थकबाकी कुठे साचली आहे, वितरिकेच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचते की वरच्यावरच संपते, हे प्रश्न त्या छायाचित्रात मावत नाहीत. पाणी कोणाला, किती आणि कोणाच्या पैशाने, हेच तर खरे राजकारण आहे. ज्या गावाचे नाव या योजनेला मिळाले, त्याच टेंभूत 1856 मध्ये गोपाळ गणेश आगरकर जन्मले; ‘केसरी’चे पहिले संपादक आणि पुढे 1888 मध्ये ‘सुधारक’ काढणारे. त्यांच्या गावच्या पाण्याची बातमी इतकी वरवरची व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याहून गंभीर उणीव जिल्हा परिषदांच्या बाबतीत दिसली. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. एरवी सर्वसाधारण सभेत एखादा सदस्य उठून विचारतो की माझ्या गटातल्या, म्हणजे मतदारसंघातल्या, शाळेच्या खोलीचे काम का थांबले, औषधखरेदी कोणत्या दराने झाली. आणि अधिकाऱ्याला भर सभागृहात उत्तर द्यावे लागते. त्या काळात विचारणाराच उरला नव्हता. अंदाजपत्रक मांडणारेही प्रशासन आणि मंजूर करणारेही प्रशासनच. अशा वेळी पत्रकारांची जबाबदारी दुप्पट होते. रकाने मात्र गट-गणांची रचना, आरक्षणाची सोडत, कोण कोणाच्या संपर्कात आहे आणि कोणाची मोर्चेबांधणी सुरू आहे, यांनीच भरत राहिले. निवडणूक कधी होणार हा प्रश्न महत्त्वाचा होताच. पण निवडून आलेले कोणी नसताना पैसा कसा खर्च होतो आहे, हा त्याहून निकडीचा होता.

याचा सगळा दोष वार्ताहराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या अनेक वार्ताहरांना मानधन तुटपुंजे मिळते आणि खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनमधून होते. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी ज्याने भरून आणायची, त्यानेच त्या नेत्याच्या ताब्यातल्या साखर कारखान्याने उसाची बिले का थकवली हे विचारायचे, म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय देण्यासारखे आहे. 2009 च्या निवडणुकांनंतर ‘पेड न्यूज’चा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, मोठा बोभाटा झाला, भारतीय प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 2010 मध्ये त्यावर सविस्तर अहवाल दिला आणि आता निवडणुकीच्या काळात अशा बातम्यांवर लक्ष ठेवायला जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या असतात. पण त्यांचे लक्ष निवडणुकीपुरते. पुरवण्या मात्र बाराही महिने निघतात.

म्हणून श्रोत्यांना माझी विनंती आहे की आपण जे वर्तमानपत्र घेता, त्याच्या संपादकांना पत्र लिहा. येत्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा सभेतल्या खडाजंगीबरोबरच, मागच्या वर्षी कोणत्या विभागाचा किती निधी अखर्चित राहिला याचा तक्ताही छापा, असे त्यांना कळवा. तालुक्याचा वार्ताहर भेटला तर त्यालाही हेच सांगा. वाचक अशी विचारणा करू लागले, तर त्या वार्ताहराला सभा संपेपर्यंत बसण्याची मुभा आणि त्या कामाचे योग्य मानधन देणे संपादकांना टाळता येणार नाही.

नमस्कार.