नागवेलीच्या अर्काची कांद्यावरची चाचणी: निकाल कुठं फसतो

नमस्कार. हे नागवेलीचं पान, मिरज तालुक्यातल्या पानमळ्यातलं. काळी मिरी आणि पिंपळी याच कुळातल्या. या पानाचा अर्क पेशींना बाधतो का, गुणसूत्रं मोडतो का, हे बघायची सगळ्यात स्वस्त चाचणी कांद्याच्या मुळावर होते. ती 1938 पासून चालत आलीय. करायला सोपी आहे, आणि चुकीचा निकाल मिळवायलाही तितकीच सोपी.

पहिली गोम पानातच. पानमळ्यात मूळकूज रोखायला बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) वापरतात, द्राक्षवाल्यांना ते वेगळं सांगायला नको. त्यातलं मोरचुदाचं तांबं कांद्याच्या मुळाला फार लवकर बाधतं. मुळं खुंटतात तांब्यानं आणि आळ येतो नागवेलीवर. म्हणून फवारणी न झालेल्या वेलीची पानं घ्या, नाहीतर अर्कातलं तांबं मोजून घ्या.

पानं सावलीत वाळवा, उन्हात तेलं उडून जातात. 10 ग्रॅम पूड 100 मिली 70 टक्के इथेनॉलमध्ये 24 तास हलवत ठेवा, गाळा, आणि कमी दाबाखाली 40 अंशांच्या आसपास इथेनॉल आणि पाणी उडवा. खाली उरतो तो चिकट, काळपट हिरवा थर. त्याचं वजन करा आणि मात्रा त्याच्याच मिलिग्रॅममध्ये लिहा. नुसतं ‘5 टक्के अर्क’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला काही कळत नाही.

आता कांदा. लोणंदच्या बाजारातला चालेल, पण एकसारखे, कोंब न फुटलेले निवडा. कोंब रोखायला मॅलेइक हायड्राझाइड मारलेला कांदा अजिबात नको, कारण ते औषधच पेशींचं विभाजन थांबवतं. बुडाची जुनी वाळकी मुळं ब्लेडनं खरवडा, कडेच्या नव्या अंकुरांना धक्का न लावता. कांदा पाण्यानं भरलेल्या टेस्ट ट्यूबवर असा बसवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. मुळं दीड-दोन सेंटिमीटर झाली की कांदा पाण्यावरून अर्काच्या ट्यूबवर बसवा.

सोबत तीन गट हवेतच: नुसतं पाणी, अर्क विरघळवायला वापरलेलं द्रावक तेवढ्याच प्रमाणात, आणि हमखास गुणसूत्रं मोडणारं मिथाइल मिथेनसल्फोनेट. ते हाताळताना हातमोजे घालाच. तिसऱ्या गटात दोष दिसले नाहीत तर तुमचा रंग, वेळ किंवा डोळा चुकतोय, अर्काबद्दल बोलायचं कारणच नाही. अर्काचा सामूही (pH, म्हणजे आंबटपणाचं माप) पाण्याच्या जवळ आणा, आंबट द्रावणातही मुळं आखडतात.

24 तासांनी, शक्यतो सकाळी, मुळांची टोकं कापून इथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडच्या 3:1 मिश्रणात दिवसभर ठेवा. मग 60 अंशांच्या 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये 5 ते 8 मिनिटं. इथं घाई झाली तर पेशी सुट्या होत नाहीत, उशीर झाला तर मुळाचा लगदा होतो. ॲसिटोकार्मिन या गुणसूत्रं लाल करणाऱ्या रंगानं रंगवा, टोकाचा गडद 1-2 मिलिमीटर तुकडा तेवढा घ्या, कव्हरस्लिप ठेवून टिपकागदावरून अंगठ्यानं सरळ दाबा. अंगठा सरकला की स्लाइड गेली.

(सूक्ष्मदर्शकाचं दृश्य पडद्यावर)

हे बघा, गुणसूत्रांचे दोन गट विरुद्ध टोकांना चाललेत आणि मध्ये हा बारीक धागा ताणलाय. हा पूल. मुख्य केंद्रकाबाहेर पडलेला हा छोटा ठिपका म्हणजे सूक्ष्मकेंद्रक. ही दोन्ही बहुतेकदा तुटीची, म्हणजे गुणसूत्रं मोडल्याची खूण. नुसती चिकटलेली, गोळा झालेली गुणसूत्रं विषारीपणा दाखवतात, ती वेगळ्या रकान्यात लिहा. प्रत्येक गटात पाच कांदे, प्रत्येक कांद्याच्या किमान 1000 पेशी, आणि मोजणाऱ्याला स्लाइड कुठल्या गटाची हे माहीत नको.

विभाजन खूपच कमी झालं असेल तर तुटी मोजायला पेशीच उरत नाहीत, आणि कमी तुटी दिसल्या म्हणून लोक खूश होतात! आधी मुळांची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा काढा, मग ती, तिच्या अर्धी आणि पाव अशा तीन मात्रांवर तुटी मोजा.

एम्स चाचणीला गेलात तर नागवेल आणखी त्रास देते. या चाचणीत हिस्टिडिनशिवाय न वाढणारे साल्मोनेला जिवाणू घेतात, आणि जनुकात बदल होऊन वाढू लागलेल्यांच्या वसाहती मोजतात. नागवेल त्या साल्मोनेलालाच मारते, वसाहती कमी दिसतात. उलट अर्कात हिस्टिडिन असेल तर उगाच जास्त. शिवाय सॅफ्रोल, जो मिरीकुळात सापडतो, तो उंदरांच्या यकृतात कर्करोग करतो, पण नेहमीच्या एम्समध्ये बहुतेकदा पकडला जात नाही. त्याला सक्रिय करणारी यकृतातली सल्फेट जोडणारी पायरी एम्समध्ये घालतात त्या यकृताच्या अर्काच्या मिश्रणात चालत नाही. त्यामुळे अहवालात ‘सुरक्षित’ लिहू नका. ‘या मात्रेपर्यंत, या चाचणीत, तुटी वाढल्या नाहीत’ एवढंच लिहा, आणि मात्रेचा आकडा द्यायला विसरू नका.