परदेशात रस्ता ओलांडताय? आधी आपली मान कुठे वळते ते बघा

नमस्कार! परदेशात राहायला जाणारे लोक घर, बँक, सिमकार्ड, सगळ्याची चौकशी करतात. रस्ता कसा ओलांडायचा हे मात्र कुणी विचारत नाही, कारण ते आपल्याला येतंच असं आपण धरून चालतो. मला त्याचीच काळजी वाटते, म्हणून आजचा व्हिडिओ.

वाहतूक डावीकडून चालते अशा देशात वाढलेला माणूस फुटपाथवरून उतरताना आधी उजवीकडे बघतो. ठरवून नाही, मान आपोआप वळते. जर्मनीत, फ्रान्समध्ये, अमेरिकेत जवळच्या लेनमधली गाडी डावीकडून येते. म्हणजे आपण रिकाम्या बाजूला बघतो आणि पाय रस्त्यावर टाकतो. नियम माहीत असतो हो, पण घाईत किंवा दमलेलं असताना जुनी सवयच पुढे येते. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा त्याआधी लोकांची तयारी करून घ्यायला मोठी मोहीम राबवावी लागली होती. तुमच्यासाठी अशी मोहीम कुणी काढणार नाही. तेव्हा कडेला पूर्ण थांबा आणि दोन्हीकडे बघा, एकेरी रस्ता असला तरी.

आता दुसरी गोष्ट, जी मला दिशेपेक्षाही महत्त्वाची वाटते. तुम्ही कसे उभे आहात, कसे चालताय, यावरून ड्रायव्हर अंदाज बांधतो, आणि हा अंदाज देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये झेब्रा क्रॉसिंगच्या तोंडाशी नुसतं उभं राहिलं तरी गाड्या थांबतात. जानेवारी २०२२ पासून तिथल्या नियमावलीत, ओलांडायच्या तयारीत उभ्या असलेल्यालाही वाट द्या, असं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे फोन बघायचा असेल, कुणाची वाट बघायची असेल, तर दोन पावलं मागे उभे राहा. आणि गाडी थांबली की ‘तुम्ही जा’ असा हात करत बसू नका. पलीकडच्या लेनवर नजर ठेवून सरळ चालू लागा. याउलट हनोईत दुचाकींच्या गर्दीत कुणी थांबायची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. तिथे संथ, एकाच चालीने जायचं. दुचाकीवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने निघतात. मध्येच थबकलात किंवा मागे सरलात की तो अंदाज चुकतो. बस आणि मोटारींच्या बाबतीत मात्र हे धाडस नको.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल सिग्नलवरही, थांबून, उजवीकडे वळता येतं. तो ड्रायव्हर डावीकडून येणाऱ्या गाड्यांवर डोळा ठेवून असतो आणि तुम्ही असता त्याच्या उजव्या हाताला. त्याने तुम्हाला पाहिलंय याची खात्री झाल्याशिवाय बॉनेटसमोरून जाऊ नका, तुमचा सिग्नल सुरू असला तरी.

जर्मनीत अर्ध्या रस्त्यात असताना हिरवा माणूस लाल होतो आणि नवखे लोक घाबरून मागे पळतात. मागे फिरू नका. रस्ता पार करायला लागणारा वेळ त्या सिग्नलमध्ये धरलेला असतो, पुढे चालत राहा. आणि हो, तिथे झेब्रावर मोटार थांबते, ट्राम नाही, थांबायचं आपणच.

आई-बाबा तुमच्याकडे राहायला येणार असतील तर ते एकटे बाहेर पडायच्या आधी त्यांना कोपऱ्यावरच्या क्रॉसिंगपर्यंत घेऊन जा. बटण दाबून दाखवा, कारण बऱ्याच सिग्नलवर ते दाबल्याशिवाय हिरवा लागतच नाही. ब्रिटनमध्ये असाल आणि त्यांना कमी दिसत असेल, तर बटणाच्या डब्याखाली त्यांचा हात नेऊन बघा. बऱ्याच डब्यांखाली बोटाएवढा एक खाचांचा शंकू असतो. हिरवा लागला की तो फिरायला लागतो.