दुरुस्ती केली, पण टिकली नाही

मंडळी, इथं बसलेल्या बहुतेकांच्या कापूस खरेदी केंद्रावर आता कास्तकारांची नोंद वेबवरच्या डेटाबेसमध्ये असते. कापसाची गाडी काट्यावर आली की ब्राउझर उघडायचा, नाव काढायचं, वजन टाकायचं. नवी नोंद घालताना सहसा अडत नाही. अडतं ते जुनी दुरुस्त करताना. "भाऊ, मी बदललं, सेव्ह केलं, तरी जुनंच दिसून राहिलं." हंगामात असा फोन मला रोज येतो. न टिकलेल्या एका दुरुस्तीपायी कोणाचा तरी चुकारा, म्हणजे मालाचा पैसा, अडतो, म्हणून आज हा विषय घेतला.

हिंगणघाटच्या बाजूच्या एका केंद्रावर घडलेलं सांगतो. डिसेंबरची गर्दी होती. एका कास्तकाराचा खातेक्रमांक चुकलेला होता. ऑपरेटर पोरीनं तो बदलला, तर स्क्रीनवर संदेश आला की ही नोंद दुसऱ्या वापरकर्त्याकडे उघडी आहे. तिनं तीनदा सेव्ह दाबलं. मागे रांग ओरडत होती. शेवटी तिनं त्याच माणसाची नवी नोंद केली आणि बरोबर खातं टाकलं. झालं काय, आधीचे 14 क्विंटल जुन्या नोंदीवर राहिले आणि त्या दिवसाचे 9 नव्या नोंदीवर गेले. जुनी नोंद काट्यावरच्या कॉम्प्युटरवर उघडी होती, आणि तिथला माणूस चहा प्यायला गेला होता.

संदेशात सगळं लिहिलेलं होतं. तो वाचून काट्यावर एक हाक मारली असती तर काम तिथंच मिटलं असतं. पण तिला दोष देऊ नका. एकानं उघडलेली नोंद बाकीच्यांसाठी अडवणारं हे कुलूप कसं चालतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

काही प्रणालींमध्ये एकानं नोंद दुरुस्तीला घेतली की ती त्याच्याच हातात राहते. बाकीच्यांना दिसते, पण बदलता येत नाही. दुसऱ्या पद्धतीत कोणालाच अडवत नाहीत, फक्त प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक असतो. तुम्ही 7 क्रमांकाची नोंद उघडली आणि तुमच्या आधी कोणी सेव्ह करून ती 8 केली, तर सर्व्हर तुमचा बदल नाकारतो. जिथं या दोन्हींपैकी काहीच नाही, तिथं शेवटी सेव्ह करणाऱ्याचं खरं ठरतं आणि आधीच्याची दुरुस्ती गुपचूप पुसली जाते. मला सगळ्यात जास्त भीती याच प्रकाराची वाटते, कारण इथं कोणताही संदेश येत नाही.

आपल्याकडे यात लाईनची भर पडते. दुरुस्ती चालू असताना लाईन गेली, कॉम्प्युटर बंद पडला. तुम्ही गेलात हे सर्व्हरला कळत नाही. तो नोंद तुमच्याच नावानं धरून बसतो. लाईन आली, पुन्हा लॉगिन केलं, तर तुमचंच जुनं सत्र, म्हणजे आधीचं लॉगिन, तुम्हाला आडवं येतं. मग त्या सत्राची मुदत संपेपर्यंत थांबा, नाही तर ॲडमिनला ते सत्र तोडायला सांगा. आणि फॉर्म उघडा ठेवून अर्धा तास गाडी मोजायला गेलात, तर परत येईस्तोवर सत्र संपलेलं असू शकतं. तेव्हा सेव्ह दाबल्यावर थेट लॉगिनचं पान येतं आणि टाइप केलेलं जातं. म्हणून सेव्ह केल्यावर नोंद बंद करून परत उघडून पाहत जा.

फोन आला की मी आधी दोनच गोष्टी विचारतो. एकाच नोंदीला होते की सगळ्यांना? तुम्हालाच होते की दुसऱ्यालाही? सगळ्याच नोंदी तुम्हाला बदलता येत नसतील आणि शेजारच्याला येत असतील, तर पहिला संशय तुमच्या अधिकारांवर. एकच नोंद कोणालाच बदलता येत नसेल, तर ती कोणाकडे तरी अडकली असेल. एकच रकाना हलत नसेल, तर तो हिशोबाचा असू शकतो: निव्वळ वजन भरलेल्या नि रिकाम्या गाडीच्या वजनांतून निघतं, तेव्हा बदल तिथं करायचा. कधी सेव्ह अडतं ते तपासणीमुळं. बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड 11 अक्षरांचा, त्यात पाचव्या जागी शून्य असतं. तिथं घाईत इंग्रजी ओ पडतो. लाल सूचना पानाच्या वर येते आणि मोबाईलवर आपण पानाच्या तळाशी असतो.

आता आपल्या वऱ्हाडाचं एक. वऱ्हाडे आडनाव घ्या. त्यातला ऱ्ह एका कीबोर्डवर ऱ या स्वतंत्र अक्षरापासून बनतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह यांच्यापासून. डोळ्याला दोन्ही सारखे, पण डेटाबेसनं ते एकरूप करून घेतले नसतील तर ते दोन वेगळे शब्द. शोधल्यावर वऱ्हाडे सापडत नाही, ऑपरेटर नवी नोंद करतो, आणि दुरुस्ती भलत्याच नोंदीत होते. म्हणून दुरुस्तीला नोंद काढताना नावानं शोधू नका, सभासद क्रमांकानं शोधा.

त्या हिंगणघाटच्या नोंदींचं आम्ही काय केलं? एकही पुसली नाही. 9 क्विंटलची मोजणी जुन्या सभासद क्रमांकावर वळवली, खातं पासबुक समोर धरून दुरुस्त केलं आणि नवी नोंद निष्क्रिय केली. ज्यांनी आपल्या दुहेरी नोंदींची यादी आणली असेल त्यांनी पुढं या. पहिली इथंच उघडू.