गाडी उचलली, आता विचारायचं कुणाला?

(दृश्य: सकाळ. व्हिटियर बुलेव्हार्डवरून कॅमेरा आतल्या गल्लीत वळतो. दोन्ही कडांना बंपरला बंपर लावून उभ्या गाड्या.)

हे ईस्ट लॉस एंजेलिस. 2020च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 1 लाख 18 हजारांच्या वर भरली. शाळा आहेत, बाजार आहे, मेट्रोची स्टेशनं आहेत. महापौर नाही आणि नगरपालिकाही नाही. लॉस एंजेलिस काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, 88 शहरं आहेत. त्यांच्या हद्दींबाहेर जे उरतं, त्यात सुमारे 10 लाख माणसं राहतात. या भागाला म्हणतात 'अनइनकॉर्पोरेटेड'. हासिएंडा हाइट्स, रोलंड हाइट्स हीसुद्धा त्यातलीच. इथला कारभार थेट काउंटीकडे. म्हणून पत्त्यावर 'लॉस एंजेलिस' असलं, तरी शहराच्या पार्किंग खात्याला फोन लावून उपयोग नाही.

(दृश्य: शेरिफच्या पार्किंग विभागाची गाडी. मागून सीएचपीची काळी-पांढरी गाडी. खांबावर पाटी बसवणारा पब्लिक वर्क्सचा कर्मचारी.)

या तीन फ्रेममध्ये सगळा घोळ दिसतो. पार्किंगचं तिकीट, म्हणजे दंडाची पावती, लावणार शेरिफचा, म्हणजे काउंटीच्या पोलिसांचा, पार्किंग विभाग. चालत्या वाहतुकीचे नियम आणि अपघात पाहणार कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोल, म्हणजे सीएचपी. पाट्या, कडेचा रंग आणि रहिवाशांच्या पार्किंग परमिटचा अर्ज काउंटीच्या पब्लिक वर्क्सकडे, म्हणजे बांधकाम खात्याकडे. गाडी जागेवर नसेल, तर 'चोरीला गेली' म्हणण्याआधी जवळच्या शेरिफ ठाण्याला नंबरप्लेट सांगा. खाजगी जागेतून उचललेल्या गाडीचीही नोंद टोइंग कंपनीला पोलिसांकडे द्यावीच लागते.

(दृश्य: फुटपाथच्या कडेचे रंग, एकामागून एक.)

लाल म्हणजे थांबायचंच नाही. पिवळा माल चढवण्या-उतरवण्यासाठी, पांढरा माणसं घेण्या-सोडण्यासाठी, हिरवा ठरावीक मिनिटांसाठी, निळा अपंगत्वाचं प्लॅकार्ड किंवा तशी प्लेट असलेल्यांसाठी. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. तिकीट पडतं ते रंग नसतो तिथे. अग्निशमनाच्या हायड्रंटपासून 15 फूट मोकळे हवेत, कडेला लाल पट्टा असो वा नसो. पादचारी क्रॉसिंगच्या अलीकडे, म्हणजे गाड्या ज्या बाजूने येतात तिकडे, 20 फूट सोडायचे. हा नियम नवा आहे. 1 जानेवारी 2025पासून रंग किंवा पाटी नसतानाही त्याचं तिकीट मिळू शकतं. चाकं कडेपासून 18 इंचांच्या आत हवीत.

आणि हा ड्राइव्हवे. शेजाऱ्याचा अडवला तर गाडी उचलली जाईल, हे कुणीही सांगेल. राज्याच्या कायद्याने स्वतःच्या ड्राइव्हवेपुढे आडवी लावणंही बंद आहे! स्थानिक प्रशासनाने तसं परमिट दिलं असेल तरच चालतं.

(दृश्य: टायरवर खडूची रेघ ओढणारा हात.)

ही रेघ 72 तासांच्या नियमाची. सार्वजनिक रस्त्यावर गाडी सलग 72 तास न हलता उभी राहिली, तर स्थानिक नियमाच्या आधारे ती उचलता येते. खडू लावणं ही घटनाबाह्य झडती आहे, असा दावा सॅन डिएगोच्या प्रकरणात झाला होता. 2022मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्रीय, अपील न्यायालयाने तो फेटाळला. त्यामुळे रेघ पुसून भागत नाही, गाडी हलवावी लागते. लांब सुट्टीवर जाताना किल्ली कुणाकडे तरी ठेवून जा.

काचेवरचं तिकीट वेगळं आणि गाडी उचलणं वेगळं. गाडी उचलायला स्वतंत्र कारण लागतं: ड्राइव्हवे अडला, हायड्रंट अडला, रजिस्ट्रेशन संपून सहा महिने उलटले. पाच तिकिटं थकली की उचला, असंही कायद्याच्या पुस्तकात आहे. पण 2023मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रकरणात सांगितलं की, नियमाप्रमाणे उभी असलेली, कुणाला अडथळा नसलेली गाडी केवळ थकबाकीसाठी वॉरंटशिवाय उचलता येत नाही.

(दृश्य: 'फक्त परमिटधारकांसाठी' पाटी.)

परमिटचं थोडक्यात. रहिवाशांनी मागणी करायची, काउंटीने रस्त्याची पाहणी करायची, मंजुरी काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पाच सुपरवायझरांच्या मंडळाने द्यायची. गल्लीबोळ सोडले, तर पाटी लागेपर्यंत परमिटचा नियम लागूच होत नाही. परमिट मिळालं म्हणून दारापुढची जागा तुमची होत नाही आणि 72 तासही सुटत नाहीत.

(दृश्य: दुकानांमागचा खाजगी पार्किंग लॉट. टो-ट्रक आत शिरतो.)

आता मुख्य भाग. एका गाडीखाली स्टिंगर सरकतोय, तो नीट बघा.

ड्रायव्हर आधी उतरून फोटो काढतो: प्लेट, जागा, आधीचे ओरखडे. मग ट्रकच्या मागचा दांडा, म्हणजे स्टिंगर, खाली येतो आणि त्याचे दोन हात चाकांना मिठी मारतात. ही गाडी नाक आत करून लावलेली, म्हणून पकड मागच्या चाकांना बसली. पण ती फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे आणि गिअर 'पार्क'मध्ये, त्यामुळे पुढची चाकं जाम. तशीच ओढली तर टायर घासतील आणि गिअरबॉक्सला मार बसेल. म्हणून पुढच्या चाकांखाली छोट्या चाकांची डॉली. चारही चाकांना शक्ती जाणारी गाडी असेल, तर चारही चाकं जमिनीवरून उचलायची. इलेक्ट्रिक गाडी सरळ फ्लॅटबेडवर. घाईत डॉली टाळली जाते आणि नुकसान होतं ते इथेच.

पट्टे आवळले जाताहेत, इथे थांबू. मालक या क्षणी धावत आला तर? हात चाकांना लागण्याआधी आला, तर गाडी फुकट सोडायची. गाडी जोडली गेली आहे, पण लॉटच्या बाहेर पडलेली नाही, तर मालकाने मागताच सोडायची आणि नेहमीच्या टोइंग दराच्या निम्म्याहून जास्त घ्यायचं नाही. एकदा रस्त्याला लागली की पूर्ण आकार. म्हणजे या फाटकाच्या रेषेवर सगळा हिशेब फिरतो. ड्रायव्हरची घाई कशासाठी असते, हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य: प्रवेशद्वारावरची पाटी, जवळून.)

पाटीच्या आधारावर गाडी उचलायची, तर लॉटच्या प्रत्येक प्रवेशद्वारावर ती हवी. किमान 17 बाय 22 इंच, अक्षरं किमान एक इंच उंच. त्यावर पोलिसांचा फोन नंबर, आणि जिच्याशी जागामालकाचा टोइंगचा लेखी करार आहे त्या कंपनीचं नाव आणि नंबर. झाडामागे गेलेली किंवा एकाच फाटकावर असलेली पाटी म्हणजे तक्रारीला आधार.

आणि हा कागद. जागामालक किंवा त्याच्या माणसाने उचलतेवेळी हजर राहून सही करायची. त्यात गाडीची कंपनी, मॉडेल, व्हीआयएन म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, प्लेट, उचलण्याचं कारण, गाडी पहिल्यांदा दिसली ती वेळ आणि परवानगीची वेळ, हे सगळं हवं. आधीच सह्या करून ठेवलेल्या कोऱ्या गठ्ठ्यावर गाड्या उचलणं बेकायदा आहे. सरसकट परवानगी चालते ती हायड्रंटपासून 15 फुटांत, फायर लेनमध्ये, म्हणजे बंबासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यात, किंवा येण्याजाण्याची वाट अडली असेल तर. उचललेल्या गाड्या ठेवतात त्या यार्डमध्ये गेल्यावर या कागदाची प्रत पहिली मागा.

(दृश्य: यार्डची खिडकी, दरफलक.)

पोलिसांनी उचलली असेल, तर आधी ठाण्यातून सोडपत्र, मग यार्ड. सोबत लायसन्स आणि चालू रजिस्ट्रेशन. अधिकाऱ्याने भरलेला फॉर्म सीएचपी 180 मागून घ्या. उचलताना गाडी कशी होती, कुठे चेपली होती, ते त्यात असतं. यार्डने कार्ड आणि रोख दोन्ही घ्यायला हवं. कामाच्या वेळेत गाडीतलं सामान, औषधं, बाळाची सीट काढून द्यायचे पैसे नाहीत. खाजगी जागेतून गेलेली गाडी पहिल्या 24 तासांत सोडवली, तर ठेवण्याचं भाडं एकाच दिवसाचं. त्यानंतर कॅलेंडरचा प्रत्येक दिवस मोजला जातो. रात्री अकराला आलेली गाडी तेव्हा आणखी महाग पडते.

पोलिसांनी उचललेल्या गाडीची नोटीस शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळून 48 तासांत निघायला हवी. नोटिशीच्या तारखेपासून 10 दिवसांत सुनावणी मागायची, फोनवरही चालते. गाडी उचलायचा आदेश देणाराच सुनावणी घेऊ शकत नाही. कारण पटण्याजोगं नव्हतं असं ठरलं, तर टोइंग आणि यार्डचा खर्च त्या खात्यावर. काचेवरच्या तिकिटाची मुदत वेगळी: 21 दिवस. दोन्ही अर्ज वेगळे करावे लागतात.

पैसे नाही भरले, तर यार्डवाला लिन टाकून, म्हणजे थकलेल्या पैशांपोटी गाडीवर हक्क सांगून, ती विकतो.

(दृश्य: पुन्हा तो लॉट. पाटीवर मोजपट्टी धरलेली.)

खाजगी टोइंगला ही सुनावणी नाही, तिथे स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांचं न्यायालय. माणसाला 12,500 डॉलरपर्यंत दावा करता येतो आणि वकील न्यायचा नसतो. जास्त आकार लावला असेल तर घेतलेल्या रकमेच्या चौपट, पाटीचे नियम मोडले असतील तर जागामालकाकडून टोइंग आणि यार्डच्या खर्चाच्या दुप्पट मागता येते. पुरावा त्याच दिवशी गोळा करायचा. प्रत्येक फाटकाचा फोटो, पाटीशेजारी मोजपट्टी, बिलाची बाबवार प्रत आणि सहीचा तो कागद.