वीस दोलनं

[प्रयोगशाळा. बुचाच्या दोन फोडींमध्ये धरलेला दोरा, खाली पितळी गोळा.]

पुण्यातल्या एका कॉलेजची फिजिक्स लॅब. एफवाय बीएस्सीचं पहिलंच प्रॅक्टिकल. एक मीटरचा लंबक आणि स्टॉपवॉच. बारावीला याचं सूत्र तोंडपाठ होतं, सीईटीत त्यावरचं गणित अर्ध्या मिनिटात सुटायचं. त्यामुळे चेहरे जरा उतरलेले. इथवर येऊन पुन्हा लंबकच?

वीस दोलनं झाली. वेळ ३८.२ सेकंद. त्यावरून गुरुत्वीय त्वरण आलं १०.८. पुण्यात ते ९.७८च्या आसपास असतं.

मॅडम विचारतात, "मोजायला सुरुवात कशी केलीस?"

"गोळा सोडला आणि म्हटलं, एक."

"सोडताना एक दोलन झालं होतं का गं?"

म्हणजे झाली होती एकोणीसच. वीसात एकाची चूक, पाच टक्के. पण सूत्रात दोलनकालाचा, म्हणजे एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग आहे, म्हणून उत्तरात तीच चूक दहा टक्क्यांच्या वर गेली. गोळा पुन्हा सुटतो, या वेळी "शून्य" म्हणत. ४०.२ सेकंद. उत्तर ९.७७.

[गोळा साठ अंशांपर्यंत वर नेलेला.]

आता गोळा बराच वरून सोडायचा. दोलनकाल वाढतो! सूत्रात तर कोन कुठेच नव्हता. होता, सूत्राशेजारच्या अटीत: कोन लहान असेल तर. लंबकाच्या मूळ समीकरणात कोनाचा साइन असतो. कोन लहान असला की साइनच्या जागी कोनच लिहून चालतं आणि गणित सरळ सुटतं. तसं केलं नाही, तर उत्तर नेहमीच्या साइन-कोसाइनमध्ये मावतच नाही. साठ अंशांवरून सोडलेल्या लंबकाला एका दोलनाला सुमारे सात टक्के जास्त वेळ लागतो.

ती अट आपण कितीदा वाचलेली असते, आणि कितीदा तिच्यावरून नुसती नजर फिरवलेली असते. पहिल्या वर्षाचा जड पेपर मला आवडतो तो यासाठी. तो ओळखीच्याच गोष्टीपाशी थांबवतो आणि विचारतो, हे कुठवर खरं?

[पुणे विद्यापीठाचा परिसर, आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था. उंचावरून टांगलेला लंबक.]

हाही लंबकच, फुकोचा. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेऑं फुको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला. तासागणिक त्याच्या झोक्याची दिशा सरकत गेली, कारण खालची जमीन फिरत होती. न्यूटनचे नियम जडत्वीय चौकटीतच, म्हणजे जिथून पाहतो ती जागा स्वतः फिरत किंवा वेग बदलत नसेल तरच, जसेच्या तसे लागू पडतात, हे अकरावीत एका ओळीत उरकलेलं असतं. इथे ती ओळ डोळ्यांसमोर हलते.

दिशेला पूर्ण फेरी मारायला ध्रुवावर सुमारे २४ तास लागतात, पॅरिसला ३२. विषुववृत्तावर ती फिरतच नाही. पृथ्वीच्या एका फेरीच्या वेळेला अक्षांशाच्या साइननं भागायचं, एवढाच हिशेब. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणजे सुमारे ७५ तास. तीन दिवसांहून जास्त. अर्ध्या तासात अडीच अंशसुद्धा नाही.

मुलं फरशीवर बसली आहेत. गोळा जातो, येतो. लॅबमधल्या त्या मुलीनं वही उघडली, घड्याळ पाहिलं आणि पहिल्या रकान्यात लिहिलं: शून्य.