ओके म्हणजे नेमकं किती चांगलं?

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या भाच्याने परदेशातल्या नोकरीत पहिला अहवाल लिहिला. साहेबांनी वाचून एवढंच सांगितलं, ‘इट्स ओके.’ त्या रात्री त्याचा फोन, ‘मामा, एकदम ओके झालं!’ आठवड्याने तोच अहवाल पुन्हा लिहायला त्याच्या टेबलावर आला. पोराचं इंग्रजी कच्चं नव्हतं. त्याने तो शब्द मराठी कानांनी ऐकला होता.

आपल्याकडे ‘एकदम ओके’ म्हणजे झकास. 2022 साली आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीहून केलेला फोन आठवा. झाडी, डोंगार, हाटील यांचं कौतुक करताना त्यांच्या तोंडी आलेला ‘ओक्के’ महाराष्ट्रभर झाला. त्या शब्दात मन भरून आलेली पसंती होती. इंग्रजीत मात्र एखाद्या कामाला नुसतं ‘ओके’ म्हटलं, तर अर्थ होतो ‘चालेल’, फार तर ‘बरं आहे’.

याचं मूळ मला त्या शब्दाच्या जन्मातच दिसतं. 1830 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं वापरायची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’चं झालं ‘ऑल कोरेक्ट’, स्पेलिंग ओ आणि के पासून, आणि 23 मार्च 1839 च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ओ. के.’ छापून आलं. म्हणजे ‘सगळं बरोबर’. चूक नाही, एवढंच. गणिताच्या वहीत बाई बरोबरची खूण करतात ना, तसं, शाबासकी वेगळी.

टुमेबरोबर हा शब्दही विरला असता. पण 1840 च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन उभे होते, गाव किंडरहुक. ‘ओल्ड किंडरहुक’ या त्यांच्या टोपणनावाची आद्याक्षरंही तीच! समर्थकांनी ओके क्लब काढले. व्हॅन ब्युरेन हरले, पण तोवर ही अक्षरं सगळ्यांच्या तोंडी बसली होती. हा सगळा माग ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून 1960 च्या दशकात लावला. केवढी चिकाटी!

होकार द्यायला ओके बिनधास्त वापरा. कुणी ‘सॉरी’ म्हटलं, तर ‘दॅट्स ओके’, म्हणजे असू दे. पण इंग्रजी बोलणाऱ्या घरी जेवायला गेलात, तर ‘द फूड वॉज ओके’ तेवढं म्हणू नका. ती माऊली दुपारपासून ओट्याशी उभी असते.