गॅमेक्सिन पचवणारे जिवाणू

श्रोतेहो, ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना गॅमेक्सिन या कीटकनाशक पावडरीचा नाकात बसणारा कुबट वास अजून आठवत असेल. शेतकरी तिला बीएचसी म्हणत. रसायनशास्त्रात ते एचसीएच, म्हणजे सहा कार्बनच्या कड्याला सहा क्लोरिन जोडलेला रेणू. क्लोरिनच्या मांडणीनुसार त्याची निरनिराळी रूपे होतात. त्यांपैकी कीड मारते ते मुख्यतः गॅमा हे रूप, आणि बाजारातल्या पावडरीत त्याचे प्रमाण जेमतेम १० ते १२ टक्के असे. उरलेला भार मातीने उगाचच सोसला. भारतात या पावडरीवर १९९७ मध्ये बंदी आली.

हा रेणू माणसाने घडवलेला. मातीतल्या जिवाणूंची त्याच्याशी पूर्वओळख नव्हती. तरीही जपानमध्ये ज्या शेतात १२ वर्षे दरवर्षी गॅमा एचसीएच टाकले होते, तेथे ते पचवणारा जिवाणू सापडला. आपल्याकडे कटकच्या संशोधकांनी उसाच्या मुळांभोवतीच्या मातीतून असाच जिवाणू वेगळा केला आणि १९९० मध्ये त्याविषयी लिहिले. स्फिंगोबियम इंडिकम हे त्याचे आजचे नाव. एचसीएचचा पांढुरका थर दिलेल्या काचेच्या बशीत असे जिवाणू वाढवले, की त्यांच्या वसाहतीभोवती तेवढाच भाग निवळून पारदर्शक कडे उमटते. मातीत एरवी न दिसणारे काम तेथे डोळ्यांना दिसते.

हे काम दोन विकरांपासून, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांपासून, सुरू होते. लिन-ए हायड्रोजन आणि क्लोरिन जोडीने काढून टाकते, तर लिन-बी क्लोरिनच्या जागी पाण्यातला हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, बसवते. रेणूचे कडे असे कमकुवत झाले, की पुढची विकरे ते फोडून जिवाणूच्या नेहमीच्या अन्नमार्गाला लावतात. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की निरनिराळ्या देशांतल्या अशा जिवाणूंमध्ये ही विकरे बनवणाऱ्या लिन जनुकांच्या शेजारी आयएस६१०० हा एका जागेवरून दुसरीकडे उडी घेणारा डीएनएचा तुकडा आढळतो. जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे गेल्याची ही खूण आहे. म्हणून ‘जिवाणूंना विषाची सवय झाली’ असे म्हणणे मला अपुरे वाटते. विषाचा मारा चालू असताना ज्यांच्याकडे ही जनुके होती किंवा आली, तेच त्या मातीत वाढले.

मात्र या सामर्थ्याला मर्यादा आहे. एक टन शुद्ध गॅमा, म्हणजेच लिंडेन, बनवताना ८ ते १२ टन इतर रूपांचा कचरा उरत असे, आणि लखनौजवळ उम्मरी येथे तो उघड्यावर टाकला गेला. त्यातले बीटा रूप सर्वांत चिवट, कारण त्याचे सहाही क्लोरिन कड्याच्या प्रतलालगत असतात आणि लिन-एला ते काढता येत नाहीत. लिन-बी त्यातले एक-दोन क्लोरिन बदलते, पण त्यातून तयार होणारे क्लोरिनयुक्त अल्कोहोल पुढे सहजी फुटत नाही आणि मातीत साचत राहते.